धावत्या ट्रेलरमधून बाहेर सरकणारी खोली : कॉलोरॅडोतील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

डेन्व्हरच्या नैर्ऋत्येकडील उपनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे. पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचे हे चाकांवरचे घर त्यांनी जुने विकत घेतले आणि दोन उन्हाळे ते विनातक्रार वापरले. नवरा-बायको आणि दोन मुले असे हे कुटुंब आहे. नवरा संगणक क्षेत्रात आहे. पाना-पकड हातात घ्यायला तो बिचकत नाही, पण यंत्रांशी त्याचा रोजचा संबंधही नाही. भोसरीतल्या कारखान्यात सुरुवात करून पुढे अमेरिकेत माझी बरीच वर्षे यंत्रदुरुस्तीत गेली, त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतून अशा वेळी त्यांचा फोन मला येतो. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, हे प्रकरण मांडत आहे.

ज्यांनी असा ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी रचना सांगतो. रस्त्यावर असताना ट्रेलरची रुंदी १०२ इंचांच्या, म्हणजे साडेआठ फुटांच्या मर्यादेत ठेवावी लागते. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र आतली जागा वाढावी म्हणून भिंतीचा एक मोठा भाग खोक्यासारखा बाहेर सरकवता येतो, आणि त्यालाच स्लाइड-आउट म्हणतात. या ट्रेलरचा स्लाइड-आउट डाव्या, म्हणजे चालकाच्या बाजूला आहे. तो ११ फूट लांब असून सुमारे ३१ इंच बाहेर जातो आणि त्यात सोफा व जेवणाचे टेबल आहे. सोयीसाठी पुढे मी त्याला ‘खोली’ म्हणणार आहे.

खोलीच्या फरशीखाली पुढे एक आणि मागे एक अशा दोन दातेरी पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीत एक लहान दातेरी चाक अडकलेले आहे. पुढच्या चाकाजवळ १२ व्होल्टची मोटर व गिअरबॉक्स आहे. तिथून निघालेला लांब शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, कपलिंगमार्फत (दोन दांडे जोडणाऱ्या सांध्यामार्फत) मागच्या चाकाला फिरवतो, म्हणून खोलीच्या दोन्ही कडा बरोबरीने सरकतात. मोटरच्या पाठीला एक ब्रेक आहे. वीज नसताना तो स्प्रिंगच्या जोराने शाफ्टला धरून ठेवतो आणि बटण दाबून वीज दिली की सुटतो. प्रवासात खोलीला आत धरून ठेवणारी या रचनेतली खरी गोष्ट हा ब्रेकच आहे. खोली आत आली की तिच्या कडेची पोकळ रबरी सील दबतात आणि दबलेले रबर तिला सतत बाहेर ढकलत राहते. ब्रेकची पकड गेली, तर खोली हलायला दुसरे कारण लागत नाही.

बॅटरी संपली तर खोली हाताने आत घेता यावी म्हणून या ब्रेकला एक लीव्हर दिलेला असतो. तो फिरवला की ब्रेक सुटतो आणि मग मोटरच्या टोकाला पाना लावून खोली फिरवत आत घेता येते. या लीव्हरकडे पुढे परत यायचे आहे.

अडचण

मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुटीत, हे कुटुंब दक्षिण कॉलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानाकडे निघाले. वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याने वाहणारा मेडानो ओढा याच सुमाराला भरात असतो आणि मुलांना त्यात खेळायचे होते. रस्ता २८५ क्रमांकाचा. डेन्व्हर सोडले की वळणावळणांनी १०,००० फुटांवरच्या केनोशा खिंडीत चढायचे आणि पलीकडे साउथ पार्कच्या उघड्या, वाऱ्याच्या पठारावर उतरायचे. यातला बराच भाग दुपदरी आहे, म्हणजे डाव्या बाजूने बाहेर आलेली कोणतीही वस्तू समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने जाते.

फेअरप्ले गावात पेट्रोल भरायला थांबल्यावर बायकोच्या लक्षात आले की खोलीची मागची कड भिंतीपासून बाहेर आलेली आहे. नवऱ्याने बोटांनी अंदाज घेतला, तो सुमारे दीड इंच भरला. पुढची कड त्याने पाहिली नाही. निघताना आपणच खोली पूर्ण आत घेतली नसावी असे समजून त्याने आत जाऊन बटण दाबले, मोटर नेहमीसारखी फिरली, खोली आत बसली, आणि ते पुढे निघाले.

पुढचा थांबा सुमारे ५५ मैलांवरच्या पाँचा स्प्रिंग्जला झाला. त्याच्या थोडे आधी मागून आलेल्या एका ट्रकचालकाने हॉर्न वाजवून हाताने ट्रेलरकडे खूण केली होती. गाडी बाजूला घेऊन पाहतात तो खोली पुन्हा बाहेर, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. त्याने मला फोन केला तो तिथून.

“काका, खोली परत बाहेर आलीय. या वेळी बटणाला हात लावला नाही, आधी तुम्हाला फोन केला.”

त्याने केलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट होती. फेअरप्लेला बटण दाबल्यामुळे पहिला पुरावा पुसला गेला होता. दोन्ही कडा सरकल्या होत्या की एकच, हे आता कधीच कळणार नव्हते. पाँचा स्प्रिंग्जला मी त्याला मोजपट्टी धरून दोन्ही कडांचे फोटो काढायला सांगितले. पुढची कड दोन इंच बाहेर होती, मागची सव्वादोन. मी निष्कर्ष काढला की खोली सरळ सरकली आहे, म्हणजे दोष दोन्ही कडांना सारखा लागू होणारा, मोटर किंवा ब्रेकचा आहे. पाव इंचाचा फरक मी मोजपट्टी तिरकी धरली गेल्याच्या खाती टाकला. तो फरक खरा होता, आणि तो कसा, ते पुढे येईलच.

रस्त्याच्या कडेला तोललेले पर्याय

समोर ९,०१० फुटांची पाँचा खिंड होती, मागे दोन मुले कंटाळलेली होती, आणि दिवसाचे चार तास उजेड शिल्लक होता. अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय महागात पडतो, म्हणून आम्ही फोनवर एकेक पर्याय बोलून पाहिला.

बटण दाबून खोली आत घ्यायची आणि दर २० मैलांनी थांबून तपासायचे, हा त्याचा पहिला विचार होता. मी तो लगेच बाजूला ठेवला. ५५ मैलांत दोन इंच हा सरासरीचा आकडा आहे, वेगाचा नाही. खोली त्यातल्या शेवटच्या पाच मैलांत सरकली असेल तर २० मैलांची तपासणी काहीच वाचवत नाही. शिवाय खोली जसजशी बाहेर येते तसतसा तिचा तोल अधिक बाहेरच्या बाजूला जातो आणि पुढचे सरकणे सोपे होते.

दुसरा पर्याय सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा ट्रेलरभोवती आवळण्याचा. असा सल्ला अनेक जण देतात, आणि गाडी जागेवरून हलवण्याइतक्या अंतरासाठी तो चालूनही जाईल. पण या ट्रेलरच्या भिंती बाहेर फायबरग्लास, आत फोम आणि प्लायवूडचा पातळ थर अशा चिकटवलेल्या आहेत. खोली रोखण्याइतका पट्टा आवळला की कोपऱ्यांवर त्या चेपतात आणि छताच्या कडेची पाणी अडवणारी पट्टी उचकटते.

तिसरा पर्याय बॅटरीची तार सोडण्याचा होता आणि त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. त्याला शंका होती की बटणात किंवा रिलेमध्ये (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणाऱ्या स्विचमध्ये) दोष असून मोटर धावत्या गाडीत आपोआप फिरत असेल. शंका अवाजवी नव्हती, कारण ट्रकला जोडलेल्या सात पिनांच्या केबलमधून ट्रेलरच्या बॅटरीला वीज मिळत राहते आणि मोटरला ताकद कमी पडत नाही. पण ट्रेलरची बॅटरी सोडणे धोक्याचे आहे. चालत्या गाडीत ट्रेलर ट्रकपासून सुटला, तर ट्रकला बांधलेली एक दोरी खुंटी ओढून काढते आणि ट्रेलरचे विजेवरचे ब्रेक आपोआप लागतात. त्या क्षणी त्या ब्रेकना वीज देणारी बॅटरी ट्रेलरचीच असते. तिची तार सोडली तर घाटात तो शेवटचा आधार नाहीसा होतो. त्याऐवजी फक्त खोलीच्या मोटरचा फ्यूज काढायचा, असे ठरले. मोटरला वीजच नसेल, तर विजेचा दोष आहे की नाही हेही परस्पर कळणार होते.

चौथा पर्याय ट्रेलर तिथेच सोडून परत फिरण्याचा, आणि पाचवा फिरता मिस्त्री बोलावण्याचा. सुटीच्या शुक्रवारी दुपारी मिस्त्री मिळण्याची शक्यता कमी होती. ट्रेलर सोडण्याचा पर्याय मात्र मी शेवटपर्यंत उघडा ठेवायला सांगितला, कारण खोली आतून पक्की अडवता आली नाही तर तोच एक योग्य मार्ग उरत होता.

अडवण्यासाठी आम्ही लाकडाचा टेकू निवडला, आणि तो कसा काम करतो हे सांगणे आवश्यक आहे, कारण आतून लावलेला टेकू खोलीला बाहेर जाण्यापासून कसा रोखेल, हा प्रश्न त्यालाही पडला होता. खोली आत घेतली की तिची आतली चौकट ट्रेलरच्या मधोमध येऊन थांबते. ही चौकट खोलीच्या खोक्यापेक्षा दोन्ही बाजूंना तीनेक इंच रुंद असते. खोली बाहेर जाताना ही चौकट भिंतीकडे सरकते. चौकटीची मागची बाजू आणि ट्रेलरची भिंत यांच्या मधल्या फटीत बरोबर मापाचे लाकूड उभे केले, की चौकट भिंतीकडे येऊच शकत नाही. बाजारात मिळणारे स्क्रूने लांब होणारे लोखंडी दांडे याच तत्त्वावर चालतात.

पाँचा स्प्रिंग्जपासून पाच मैलांवर सलायडा गाव आहे. ट्रेलर जागेवरच ठेवून, फक्त ट्रक घेऊन तो तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि ‘दोन बाय चार’चे लाकूड मापाने कापून घेऊन आला. या नावाचे लाकूड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते आणि ते चार बोटांच्या त्या फटीत बसले. चौकटीपासून भिंतीपर्यंतचे अंतर ३१ इंच आणि दोन सूत भरले होते. लाकूड एक सूत कमी कापून उरलेल्या जागेत प्लायवूडची पातळ पाचर ठोकली. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भोसरीत शिकलेले हे माप इंचांच्या देशात मला अजून उपयोगी पडते.) टेकूचे भिंतीकडचे टोक भिंतीच्या मध्यावर टेकवायचे नाही, खाली फरशीलगत जिथे भिंतीच्या सांगाड्याचे ॲल्युमिनियम असते तिथे टेकवायचे, आणि दोन्ही टोकांना घडी केलेला टॉवेल द्यायचा, एवढे मी सांगितले. बटणावर निळी टेप चिकटवून त्यावर ‘टेकू लावला आहे’ असे त्याच्या बायकोने मराठीत लिहिले. टेकू असताना कोणी चुकून बटण दाबले तर मोटर चौकट उपटून काढू शकते.

फ्यूज काढला, टेकू लागले आणि ते उजेडातच मुक्कामी पोहोचले.

मुक्कामावरचे दोन निर्णय

उद्यानातल्या पिन्योन फ्लॅट्स तळावर ट्रेलरला वीज जोडण्याची सोय नाही. जे काही चालवायचे ते बॅटरीवर. खोली उघडायची की नाही, हा तिथला पहिला प्रश्न होता. मी नको म्हणालो. दोष नेमका कुठे आहे हे माहीत नसताना खोली बाहेर काढली आणि ती वाकडी होऊन अडकली, तर बाहेर आलेली खोली घेऊन २०० मैल परतता येणार नव्हते. दोन रात्री चौघांनी बंद खोलीच्या अरुंद ट्रेलरमध्ये काढल्या. आता जे कळले आहे त्यावरून पाहता खोली उघडली असती तरी बहुधा बिघडले नसते, पण तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दुसरा निर्णय माझ्याशी न बोलता झाला. शेजारच्या तळावरच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले की बॅटरी अशक्त झाली की मोटर खोलीला शेवटच्या अर्ध्या इंचापर्यंत ओढत नाही, सील नीट दबत नाहीत आणि खोली निसटते. मीटरवर बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे साधारण निम्मी रिकामी. त्यामुळे शनिवारी ३५ मैलांच्या आसपास असलेल्या अलामोसाला जाऊन त्याने नवी बॅटरी आणली. त्या गृहस्थांचे म्हणणे खोटे नाही. कमी व्होल्टेजमुळे खोली अपुरी बसते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण फेअरप्लेला ट्रकचे इंजिन चालू असताना खोली पूर्ण आत बसली होती आणि तरीही ती नंतर बाहेर आली होती. हाती असलेल्या पुराव्याशी हे कारण जुळत नव्हते, आणि ते पडताळून पाहण्याआधीच पैसे खर्च झाले.

परतीच्या प्रवासात फ्यूज काढलेला आणि टेकू लावलेले होते. खोली हलली नाही, पण घरी आल्यावर दोन्ही टेकू इतके घट्ट झाले होते की पाचरी हातोडीने काढाव्या लागल्या. वीज नसतानाही खोली सगळा वेळ बाहेर रेटत होती. बटण आणि रिले यांच्यावरचा संशय इथे संपला.

घरी केलेला तपास

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. मोटर लगेच उघडायची नाही, आधी दोष पुन्हा घडवून पाहायचा, असे मी ठरवले होते. खोलीच्या चारही कोपऱ्यांवर निळी टेप लावून भिंत आणि खोली यांच्यावर एकाच रेषेत पेन्सिलने खूण केली. ट्रेलरखाली पालथे पडून, खालचे काळे आवरण एका बाजूने सोडवून, मोटरपासून शाफ्टपर्यंत आणि शाफ्टपासून कपलिंग ओलांडून मागच्या चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. शाफ्ट फिरला तर रेघ फिरलेली दिसेल, आणि जोडात ढिलाई असेल तर रेघ तुटलेली दिसेल. टेकू अर्धा इंच आखूड करून परत लावले. त्यामुळे खोलीला सरकायला चार सूतच जागा राहिली. दोष दिसण्यापुरती हालचाल होऊ शकत होती, धोका होण्याइतकी नाही. फ्यूज काढून वस्तीतल्या रस्त्यांवर १२ मैलांची फेरी मारली.

परत आल्यावर दोन्ही कडा टेकूंना जाऊन भिडल्या होत्या आणि मोटरजवळची रेघ फिरलेली होती. शाफ्ट वीज नसताना फिरला होता, म्हणजे ब्रेक धरत नव्हता.

मग लीव्हर पाहिला. मोटरच्या पाठीशी असलेला तो बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा होता. त्याच्या बिजागरीभोवती वाळलेला चिखल आणि पांढरट भुकटीसारखा गंज जमला होता. कॉलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात आणि ते गाडीच्या पोटाला असेच खाते. मी विचारले, “या लीव्हरला शेवटचा हात कधी लावला होता?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, एप्रिलमध्ये. बॅटरी पार मेली होती, तेव्हा हाताने आत घेतली होती खोली. लीव्हर मी परत फिरवला होता, अडेपर्यंत.”

तो खरे सांगत होता. लीव्हर अडला होता, पण तो बिजागरीतल्या गंजावर अडला होता, आपल्या जागेवर पोहोचून थांबला नव्हता. ब्रेक अर्धवट सुटलेलाच राहिला. या दोषाची अवघड बाजू अशी की ब्रेक सुटलेला असताना बटणावर खोली अगदी नेहमीसारखी चालते, कारण चालताना ब्रेक सुटलेलाच असायचा असतो. एप्रिलनंतर त्याने घरी दोनदा खोली बाहेर-आत केली होती आणि दोन्ही वेळा सर्व काही ठीक वाटले होते.

तो लगेच वंगणाचा फवारा घेऊन आला. मी त्याचा हात धरला. हा ब्रेक घर्षणावर चालतो. त्याच्या चकत्यांवर तेल गेले तर त्याची पकड कायमची जाऊ शकते, आणि मग लीव्हर जागेवर येऊनही उपयोग नाही. तारेच्या ब्रशने गंज घासून काढला, कापडाने पुसले आणि काडीच्या टोकाने वंगणाचा एक थेंब फक्त बिजागरीला दिला. लीव्हर पूर्ण फिरल्यावर ‘टक्’ असा आवाज झाला. त्यानंतर मोटरच्या टोकाला पाना लावून दोघांनी जोर केला, तरी शाफ्ट जागचा हलला नाही.

काम झाले असे समजून आम्ही चहा घेतला. पण खुणा नव्याने करून दुसरी फेरी मारली, तेव्हा पुढची कड जागच्या जागी होती आणि मागची दोन सूत बाहेर आली होती. मोटरजवळची रेघ अखंड होती. कपलिंगपाशी ती तुटली होती. पाँचा स्प्रिंग्जच्या फोटोंतला पाव इंच, जो मी मोजपट्टीच्या चुकीत जमा केला होता, तो हाच.

कपलिंगचे दोन्ही बोल्ट काढल्यावर दिसले की बोल्ट झिजून कंबरेत बारीक झाले आहेत आणि त्यांची गोल भोके लंबगोल झाली आहेत. माझे मत असे आहे की हा दुसरा दोष पहिल्यातून आला. ब्रेक सुटलेला असताना प्रत्येक खड्ड्याला खोलीचे वजन शाफ्टला मागे-पुढे हिसके देत राहिले आणि सर्वांत कच्चा सांधा आधी झिजला. हे सिद्ध करता येणार नाही, कारण आधीच्या दोन वर्षांत कपलिंग कोणी पाहिलेच नव्हते.

इथे आणखी एक निर्णय घ्यायचा होता. घरात जास्त कठीण दर्जाचे, त्याच मापाचे बोल्ट पडलेले होते आणि ते लगेच बसवता आले असते. मी ते नाकारले. अशा जोडात मऊ बोल्ट मुद्दाम दिलेला असतो. खोली कुठे अडकली तर तो तुटावा आणि गिअरबॉक्सचे दात वाचावेत, हा हेतू असतो. कठीण बोल्ट घातला तर पुढच्या वेळी तुटेल ती महागाची वस्तू. भोके लंबगोल झालेल्या कपलिंगमध्ये नवा बोल्टही लवकरच ढिला झाला असता. म्हणून मूळ भाग क्रमांकाचे कपलिंग आणि बोल्ट मागवले आणि ते येईपर्यंत ट्रेलर उभा ठेवला.

निष्पत्ती

नवे कपलिंग बसवताना खोली दोन्ही कडांना सारखी आत बसेल असे जुळवून घेतले, कारण ढिलाई गेल्यावर आधीचे तिरकेपण तसेच पक्के झाले असते. मग टेकू अर्धा इंच आखूडच ठेवून २८५ रस्त्याने टर्की क्रीकच्या वळणांतून कॉनिफरपर्यंत जाऊन आलो. उजवीकडच्या वळणांवर डावीकडची खोली बाहेर फेकली जाते आणि त्या रस्त्यावर अशी वळणे भरपूर आहेत. परतल्यावर पुढची कड जागेवर होती. मागची अर्धे सूत हलली होती, आणि तेवढे रबर बसताना होते. फ्यूज परत घातला.

मागच्या खालच्या कोपऱ्यातले सील मात्र खोली आत-बाहेर होताना दुमडून फाटले होते. ते बदलले. फरशीच्या कडेला ओल मोजण्याच्या यंत्राने तपासले, ती कोरडी निघाली. पाऊस लागला असता तर या प्रकरणात खरा खर्च तिथे झाला असता, कारण प्लायवूडची फरशी एकदा फुगली की ती दुरुस्त होत नाही.

स्क्रूने लांब होणारे दोन लोखंडी दांडे त्यांनी नंतर घेतले आणि आता ते प्रत्येक प्रवासात लावतात. मी त्याला विरोध केला नाही, पण एक गोष्ट सांगून ठेवली: दांडा लावलेला असताना ब्रेक बिघडला तरी तो दिसणार नाही, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला एक फेरी आखूड टेकू लावूनच करायची.

वेगळे काय करता आले असते

फेअरप्लेला बटण दाबण्याआधी दोन फोटो काढले असते, तर दोन्ही कडांतला फरक दोन ठिकाणी दिसला असता आणि मला तो चूक म्हणून सोडून देता आला नसता. माझ्या बाजूची चूक याहून मोठी आहे. मी फोनवर मोटर, बटण, बॅटरी, पट्टे, सगळ्यांबद्दल विचारले. गेल्या काही महिन्यांत खोली हाताने कधी फिरवली होती का, एवढा एक प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर पाँचा स्प्रिंग्जला पाच मिनिटांत ट्रेलरखाली वाकून लीव्हर पाहता आला असता. गंजामुळे तो तिथे बसला नसता हे खरे, पण कारण कळले असते आणि नवी बॅटरी आली नसती.

दुसरी फेरी मारायचा मला क्षणभर कंटाळा आला होता, हेही नोंदवतो. ब्रेक सापडला होता, लीव्हरने ‘टक्’ केले होते, दुपार झाली होती. ती फेरी मारली नसती तर कपलिंग तसेच राहिले असते, आणि ते बोल्ट पुढे कधीतरी, बहुधा खोली बाहेर असताना, तुटले असते.

हा तपास एका मोटरच्या, दातेरी पट्टीच्या रचनेपुरता आहे. द्रवदाबावर चालणाऱ्या खोलीत सरकण्याचे कारण सहसा सिलिंडरच्या आतले सील किंवा नीट बंद न होणारा व्हॉल्व्ह असते. तिथेही हाताने चालवण्यासाठी उघडलेला व्हॉल्व्ह तसाच राहिला आहे का, हे आधी पाहावे. भिंतीत बसवलेल्या दोन स्वतंत्र मोटरींच्या रचनेत एक कड सरकली तर त्या कडेची मोटर आधी तपासावी, कारण त्यात दोन कडांना जोडणारा शाफ्टच नसतो. केबलने ओढल्या जाणाऱ्या खोलीत केबलचा ताण पाहावा. पेन्सिलच्या खुणा, काढलेला फ्यूज आणि अर्धा इंच आखूड टेकू मात्र यांतल्या प्रत्येक रचनेत तितकेच कामाला येतात.

सप्टेंबरमध्ये ते कुटुंब त्याच रस्त्याने पुन्हा वाळूच्या टेकड्यांकडे गेले. जाण्याआधी त्याने ट्रेलरखालून काढलेला एक फोटो मला पाठवला. लीव्हर पूर्ण बसल्यावर त्याचे टोक जिथे येते, तिथे त्याने मोटरच्या अंगावर पिवळ्या रंगाची जाड रेघ ओढली होती, आणि लीव्हरचे टोक त्या रेघेवर होते. फेअरप्लेहून दोन ओळींचा निरोप आला : “पुढे शून्य, मागे शून्य. दोन्ही बाजूंचे फोटो काढलेत.”